पोय मिटू नये म्हणून

माझा भाऊ इओआने माडावर चढला की गायचा, आणि भयंकर गायचा. सूर म्हणून काही नाहीच. आईसुद्धा म्हणायची, ह्या पोराच्या घशात वाळू अडकली आहे. पण आमच्या बेटावर माडी काढणाऱ्यानं गायचंच असतं, गळा असो नसो. सकाळी आणि तिन्हीसांजेला माणूस शेंड्यात बसून पोय, म्हणजे माडाचा न उमललेला तुरा, कापतो, खाली बायका विहिरीवर आंघोळ करत असतात, पोरं हुंदडत असतात. गाणं कानावर आलं की कळतं, वर कोण आहे, आणि बायका पदर सावरतात. आणि गाणं मधेच तुटलं, की हातातलं टाकून जो तो त्या माडाकडं पळतो. असे पळत जाऊन वाचवलेले दोघेजण आजही गावात हिंडतायत. हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

त्या शुक्रवारी गाणं तुटलं नाही. ते सुरूच झालं नव्हतं. त्यामुळं कोणी पळालं नाही.

इओआने दिसला नाही तेव्हा आम्हाला वाटलं, ओहोटी आहे, गेला असेल प्रवाळाकडं जाळं घेऊन. ऊन चांगलं तापल्यावर त्याची बायको रूता डुकराला दुसरीकडं बांधायला माडांत गेली आणि तिची किंकाळी ऐकू आली. मी धावले. इओआने माडापासून बराच लांब, पालथा पडला होता. मागं वाळूत सरपटत आल्याची खूण. बाटली फुटून माडी त्याच्या अंगावर सांडलेली आणि मुंग्यांनी पाठ काळी केलेली. आमच्या आधी त्याला मुंग्यांनी शोधलं होतं. बरगड्यांना मार बसल्यानं त्याला ओरडताही आलं नव्हतं.

दवाखान्यातल्या नर्सबाईनं त्याला फळीवर बांधलं, पाय टोचून पाहिले आणि रूताला म्हणाली, "पडल्या पडल्या कोणी बघितलं असतं ना, हलू न देता आणलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. सरपटल्यानं कण्याला जास्त झालंय." पाय हलत नव्हते. मोठ्या इस्पितळाकडं, तारावा बेटाला नेणारं विमान बिघडलं होतं, कधी येईल याचा पत्ता नव्हता. तोवर सपाट निजवा, हलू देऊ नका, एवढंच तिनं सांगितलं.

आता गाव. गावाला कारण लागतं, आणि कारण सगळ्यांनी आपल्या कानांनी ऐकलेलं होतं. आदल्या संध्याकाळी आमच्या मचाणावर शेजारपाजारचे जेवायला होते. इओआनेनं काहीतरी गुणगुणायला घेतलं, तशी रूता भात वाढता वाढता म्हणाली, "पुरे कर बाबा. तुझं गाणं ऐकून माडी बाटलीतच आंबते." सगळे हसले. इओआनेही हसला, म्हणाला, "तुझ्यावरच रचलंय, सहन कर." ते गाणं खरंच तिच्यावर होतं. लग्नाआधी तिनं बाजारात त्याला मासा फेकून मारला होता, त्याचं. एवढंच झालं होतं. नवराबायकोची थट्टा.

पण दुसऱ्या दिवशी त्या थट्टेचं काय झालं बघा. शेजारचा कबुरे म्हणाला, बायकोनं चारचौघांत अपमान केला, म्हणून बिचारा मुकाट चढला. मनेआबात, गावाच्या सभाघरात, म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. बायका विहिरीवर रूता आली की गप्प व्हायच्या. माझी चुलत जाऊ मला म्हणाली, "काय बाई जीभ. नवऱ्याचे पाय खाल्ले."

मी म्हटलं, "हो ना."

हे दोन शब्द मी म्हटले. मी, बेता, इओआनेची सख्खी मोठी बहीण. मला चांगलं ठाऊक होतं की रूताच्या बोलण्याचा ह्या सगळ्याशी काडीचा संबंध नाही.

त्या थट्टेच्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी मनेआबात बिंगो खेळायला गेले होते. हरले, उकाड्यानं डोकं चढलं, चिडून घरी निघाले. इओआने वाटेत बादली भरत होता. त्याचा तो माड माझ्या झोपण्याच्या मचाणावरच वाकलेला, पहाटे त्याचं गाणं थेट माझ्या उशाशी. मी म्हटलं, "उद्या सकाळी तुझं रेकणं नको मला. डोकं फुटायला आलंय."

तो म्हणाला, "आक्का, न गाता कसं चढू?"

मी म्हटलं, "बुबुसी."

आमच्यात हा शब्द घालून नात्यातल्या माणसानं काही मागितलं, की नाही म्हणता येत नाही. होडी मागितली तर होडी द्यायची, अंगावरचा सदरा मागितला तर सदरा. नाही म्हणणाऱ्याचं तोंड कोणी बघत नाही. मोठ्या कामासाठी राखून ठेवायचा शब्द, आणि मी तो एका डोकेदुखीसाठी वापरला, कारण बिंगोत हरले होते. इओआनेनं बादली खाली ठेवली. मग म्हणाला, "बरं आक्का. झोप." दुसऱ्या सकाळी मी खरंच मस्त झोपले. तो माझ्या मचाणापासून हाकेच्या अंतरावर वाळूत सरपटत होता आणि मी घोरत होते.

हे ऐकायला तिथं तिसरं कोणी नव्हतं. इओआनेनं कोणाला सांगितल्याचं दिसेना. तो फळीवर पडून छपराकडं बघायचा. मी भात भरवायला बसले की माझ्याकडं बघायचा, आणि मी मान वळवून माशा हाकलायची.

त्याला पायांपेक्षा पोयीची काळजी. पहिल्याच संध्याकाळी म्हणाला, "आक्का, पोय मिटेल."

आता हे ज्यानं माडी काढली नाही त्याला वेड वाटेल. पण ती पोय त्यानं किती दिवस नादी लावली होती. फुलू द्यायची नाही, सुंभानं करकचून बांधायची, रोज थोडी वाकवायची, टोकावर हलके ठोके द्यायचे, तेव्हा कुठं ती ठिबकायला लागते. आणि पाऊस नव्हता. विहिरीचं पाणी मचूळ झालेलं, तांदळाचं जहाज लांबलेलं, नीरफणस बोराएवढे होऊन गळत होते. घरात पोरांच्या पोटात जे काही गोड जात होतं ते ह्या एका माडाचं, ताजी न आंबलेली माडी. उरेल त्याची आटवून काकवी. इओआनेलाही त्या दिवसांत माडीशिवाय फारसं काही गिळवत नव्हतं.

कबुरे म्हणाला, मी कापतो. भला माणूस आहे, तोंड तेवढं वाईट. पण रूता पुढं झाली. "नको. मी चढते."

"तू?" कबुरे हसला. "बाईमाणूस माडावर? पोय लाजून मिटेल."

"मिटली तर मिटली," रूता म्हणाली. "माझ्यामुळं झालंय, मी निस्तरीन."

मी तिथंच उभी होते. नीट ऐकलं मी. माझ्यामुळं झालंय. माझी जीभ तेवढ्यात उचलली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी म्हटलं, "पडशील हं." झालं. काळजीचा आव आणायला काय जातंय.

मग इओआने फळीवर निजल्या निजल्या तिला शिकवायला लागला. मी बाजूला चटईला केवड्याची पानं सोलत बसायची आणि ऐकायची. लहानपणापासून माडी पीत आले, पण ती येते कुठून हे मी कधी विचारलं नव्हतं.

"हे बघ," तो म्हणायचा, "साखर पानात होते. उन्हात. मग ती पानातून निघते. खोडात आतल्या आत बारीक बारीक वाटा असतात साखरेच्या, डोळ्यांना दिसत नाहीत. झाड बघतं, भूक कुठं आहे. जिथं भूक तिथं धाडतं. मुळं मागतात, त्यांना देतं. पण पोय म्हणजे त्याची पोरं. नारळ व्हायचे असतात ना तिथं. तिला सगळ्यात जास्त."

"आणि आपण पोरांचं तोंड कापतो," रूता म्हणाली.

"कापतो. झाडाला कळत नाही. ते धाडतच राहतं."

"म्हणजे फसवतो की."

"फसवतोच. पण झाड अगदीच खुळं नाही. कापल्या जागी ते आतून बूच मारत येतं. साखर वाया जाऊ नये म्हणून. म्हणून सकाळ-संध्याकाळ पापुद्रा काढायचा, नखाएवढा. जास्त कापलंस तर पोय लवकर संपते, कमी कापलंस तर बूच तसंच राहतं. एखादी वेळ चुकली तर थेंब मंद होतो. आणखी चुकली की तोंड मिटलं. मग वाट बदलते. साखर दुसरीकडं जाते, ह्या तोंडाला परत येत नाही."

मी पानं सोलता सोलता थांबले. माझंही तेच चाललं होतं. पहिल्या दिवशी बोलले असते तर एवढीशी खपली निघाली असती. दुसऱ्या दिवशी जरा जड गेलं. आता तर बोलायचं म्हटलं की घसाच आवळायचा. आता एवढ्या उशिरा काय सांगायचं, लोक म्हणतील इतके दिवस का नाही बोललीस, असं करत करत मी आणखी एक दिवस ढकलायची.

रूता चढली. पहिल्या दिवशी अर्ध्यावर जाऊन खोडाला घट्ट मिठी मारून रडत बसली, खाली पोरं खिदळत होती. मी पोरांच्या पाठीत धपाटे घातले. तेवढं मला जमलं. तिला जमेपर्यंतच्या वेळा कबुरेनंच सांभाळल्या. दुसऱ्या दिवशी ती शेंड्यापर्यंत पोचली. खोडाला खाचा आहेत, पण त्या इओआनेच्या पायांच्या मापानं पाडलेल्या. तिला प्रत्येक खाचेला ताणून पाय टाकावा लागायचा. नडग्या सोलवटल्या. हाताला सुरी लागली. बाटलीत तळाला जेमतेम माडी आली, तीही मुंग्यांसकट. इओआनेनं गाळून प्यायली आणि म्हणाला, "गोड आहे." रूता बाहेर जाऊन ओकली, भीतीनं.

पण तिनं सोडलं नाही. हळूहळू बाटली भरायला लागली. हेही गावाला बघवेना. म्हातारे म्हणाले, बाई चढते हे बरं दिसत नाही. विहिरीवरच्या बायका म्हणाल्या, पाप फेडतेय, फेडू दे. मी बादली भरत होते. बादली भरून वाहायला लागली तरी मी ओतत राहिले.

आणि ती गायची नाही. गाणी पुरुषांची, तिला कोण गाऊ देणार. आणि गायली असती तरी लोक म्हणाले असते, आता बरा गळा फुटला. ती मुकाट चढायची, मुकाट कापायची, मुकाट उतरायची. मी माझ्या मचाणावर पडून ती शांतता ऐकायची. मी मागितलेली शांतता. आता रोज मिळत होती, पहाटे आणि तिन्हीसांजेला, आणि माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता. झावळीचा आवाज आला की उठून बसायची. आवाज नाही आला की उठून उभी राहायची.

इओआनेचा एक अंगठा हलायला लागला होता. नर्सबाई म्हणाली, चांगली खूण आहे, विमान आलं की बघू. मला आनंद झाला, नाही असं नाही. पण त्यातही एक मेला विचार आलाच. तो बरा झाला तर मला कधीच सांगावं लागणार नाही. असा विचार डोक्यात आला आणि मी स्वतःलाच थोबाडून घेतलं. खरंच. पोरं बघत होती.

मग ती वाऱ्याची सकाळ आली. पश्चिमेचा वारा, कोरडा, माड एकमेकांवर आपटत होते. अशा वाऱ्यात कबुरेही चढला नव्हता. मी बाहेर आले तर रूता लुंगी खोचून, सुरी दातांत धरून माडाच्या बुंध्याशी.

मी म्हटलं, "आज नको. एक वेळ चुकली तर चालतं."

ती दातांतली सुरी काढून म्हणाली, "काल संध्याकाळी पोरीला ताप होता म्हणून उशीर झाला, वन्सं. थेंब आधीच मंद झालाय. आज चुकले तर मिटेल."

"मिटू दे ना मग. पोय आहे, काय पोटचं पोर आहे?"

"हे इओआनेला सांगा," ती म्हणाली आणि चढायला लागली.

मी खाली उभी. ती वर जात होती तसतशी लहान होत होती. शेंड्याशी पोचली, एक पाय पोयीपाशी टाकायला गेली आणि वाऱ्यानं शेंडाच बाजूला नेला. तिचा पाय हवेत. क्षणभर ती नुसत्या हातांवर लोंबकळली. सुरी खाली आली, माझ्या पायाजवळ वाळूत रुतली. मला हाक मारता येईना. मग तिचा पाय खाचेत बसला, आणि ती खोडाला कपाळ टेकून तशीच राहिली.

तेव्हा माझा घसा मोकळा झाला. मी ओरडले, एवढ्या जोरात की कबुरेच्या घरातली माणसं बाहेर आली.

"रूता, खाली ये. तुझ्यामुळं नाही झालं ते. मी केलं. त्या रात्री मी त्याला बुबुसी घातली, गाऊ नको म्हणून. माझं डोकं दुखत होतं. तुझ्या बोलण्यामुळं नाही गं. मी सांगितलं म्हणून तो गायला नाही. मी मुद्दाम गप्प बसले. खाली ये तू."

पानं सळसळत होती. कबुरे तोंड उघडं टाकून माझ्याकडं बघत होता, त्याची बायको त्याच्या मागं.

मग वरून रूताचा आवाज आला, दमलेला. "मला ठाऊक आहे."

"काय?"

"त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं मला. आणि म्हणाला, तू कोणाला बोलू नकोस, आक्का स्वतः सांगेल. मी म्हटलं, बघू." वारा जरा पडला. "रोज चढायच्या आधी मी तुमच्याकडं बघायची, वन्सं. वाटायचं आज बोलतील. तुम्ही म्हणायच्या, पडशील हं."

मला जमिनीनं गिळावं असं वाटलं. जमीन कसली, आमच्याकडं वाळू, तीही धड गिळत नाही.

"शिव्या दे," मी म्हटलं. "खाली ये आणि काय हव्या त्या शिव्या दे."

"शिव्या नकोत मला. सुरी द्या. दोरीला बांधा."

तिनं दोरी सोडली. मी मारलेली गाठ दोनदा निसटली. कबुरे पुढं आला, त्यानं सुरी बांधली. माझ्याकडं बघितलं नाही. दोरी वर गेली. रूतानं पोयीचं सुंभ सैल करून पुन्हा आवळलं, पापुद्रा काढला, थेंब बाटलीत उतरवणारी पानाची पट्टी नीट बसवली. मग खाली वाकून म्हणाली, "वन्सं, बुबुसी."

सगळ्यांनी ऐकलं. आता दाराशी उभ्या असलेल्या कोणालाही ऐकलं नाही म्हणायची सोय नव्हती, आणि मला नाही म्हणायची.

"माग," मी म्हटलं.

"मी वर असेन तोवर तुम्ही खाली उभं राहून गायचं. त्याचं गाणं. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. गावाला ऐकू जाईल असं. कोणी विचारलं का गाता, तर सांगायचं का ते."

"मला गळा नाही गं."

"त्याला तरी कुठं होता," रूता म्हणाली.

मी गायला लागले. मासा फेकून मारणाऱ्या मुलीचं गाणं, जे मी त्या रात्री नको म्हणून सांगितलं होतं. शब्द सगळे पाठ होते मला, न ऐकता कसे राहतील, किती वर्षं उशाशी ऐकले होते. आवाज फुटला, चिरकला, वाऱ्यानं अर्धा उडवून नेला. विहिरीवरच्या बायका बादल्या ठेवून वळल्या. माझी चुलत जाऊ दारात आली. आणि घरातून, फळीवरून, बरगड्या दुखत असताना इओआनेनं एक ओळ माझ्यामागं ओढली, बेसूर, आणि खोकत थांबला.

माझ्या डोळ्यांना धार लागली. पुढची ओळ निघेना. मला वाटलं खाली बसावं आणि तोंड झाकून घ्यावं. वर रूता पोयीची बाटली बदलत होती. मी थांबले असते तर सगळं गाव हातातलं टाकून ह्या माडाकडं पळत आलं असतं. म्हणून मी गात राहिले.